प्रेमदास पेंटरचा भुजंग

वारंगा फाट्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि त्याला लागूनच प्रेमदास आडेची पत्र्याची टपरी आहे. खरं तर आम्हा दोघांत उभा दावा असायला पाहिजे. फ्लेक्सच्या मशीनने पेंटर लोकांचा धंदा बसवला हे फाट्यावरचं शेंबडं पोरगंही सांगेल. वाढदिवस असो, जयंती असो की श्रद्धांजली, माझ्या मशीनमधून चहा पिऊन होईपर्यंत बॅनर बाहेर पडतो. पण मशीन आलं त्या दिवशी प्रेमदास येऊन उभा राहिला, त्यातून हळूहळू बाहेर येणारा एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा त्याने हनुवटीपासून केसापर्यंत पाहिला आणि म्हणाला, "रत्नपाल, हे मशीन माणसाला गोरं करून राहिलं. मी असतो तर हाये तसा काढला असता." मग त्याने दोन चहा सांगितले आणि हॉटेलवाल्याला बोट माझ्याकडे दाखवलं.

तेव्हापासून आमची दोस्ती आहे. मी बौद्ध, तो बंजारा. त्याचा तांडा कळमनुरी तालुक्यातच, फाट्यापासून मोटारसायकलने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतका जवळ. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा आखूड, मिशा पिळलेल्या आणि आवाज असा की चालत्या ट्रकच्या ड्रायव्हरला हाक ऐकू जावी. त्याला नम्रपणा शिकवायला कुणाला वेळ मिळाला नसावा. नागपूरपासून तुळजापूरपर्यंत आपल्यासारखा ट्रक रंगवणारा नाही असं तो सांगतो, आणि ते सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही, कारण समोरचा कबूल करणार यात त्याला शंका नसते. ट्रकच्या मालकाचं नाव तो ज्या अक्षरात लिहितो, त्याहून बोटभर मोठ्या अक्षरात खाली 'पेंटर प्रेमदास' लिहितो. मालक कुरकुरले तर म्हणतो, तुमचं नाव आरसी बुकात आहे, माझं कुठं आहे?

या माणसाने एका कादंबरीचा पुढचा भाग चित्रांतून काढला, त्याची ही हकीकत आहे.

कादंबरीचं नाव 'फेकलेला दोर'. आमच्या पिढीतल्या ज्या पोरांनी हिंगोली, वसमत, नांदेडच्या वसतिगृहांत दिवस काढले, त्यांना हे नाव सांगायची गरज नाही. हट्ट्याच्या ग्यानोबा हट्टेकर सरांनी ती ऐन उमेदीत लिहिली. तिचा नायक भुजंग. त्याचा बाप गावची मेलेली जनावरं ओढायचा. बाप मेल्यावर माळीपाटलाने तोच दोर भुजंगच्या हातात दिला, तेव्हा भुजंगने तो पाटलाच्या बैठकीत नेऊन फेकला आणि सांगितलं, तुमचं जनावर तुमी ओढा. तिथून पुढे मारामाऱ्या, मोर्चे, कोर्टकचेऱ्या. भुजंग कुणापुढे वाकत नाही, कुणाचं ऐकत नाही, बापाच्या सरणापुढेही रडत नाही. शेवटी बायको दारात उभी असताना तो निघून जातो आणि कादंबरी संपते.

आम्ही ती पाठ केली होती. एकच प्रत दहा खोल्यांतून फिरून तिची पानं सुटली, मग सुटी पानं फिरली. बंड खरं होतं, त्याबद्दल माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. तो दोर कुणीतरी फेकायलाच पाहिजे होता. पण आम्ही पोरांनी त्या बंडाबरोबर बाकीचा मालही उचलला. मिशा वाढवल्या. माझ्या तर चारच केस आले, तेही मी पिळले. घरी गेलो की आईशी तुटक बोलायचो. रडणाऱ्याला बायल्या म्हणायचो. कुणाचं प्रेम मोडलं, कुणी नापास झालं, तरी 'भुजंग हो' एवढंच सांत्वन करायचो. पुढं आम्ही नोकऱ्या धरल्या, दुकानं टाकली, आणि भुजंग ट्रकवर चढला.

तो चढवला प्रेमदासने. तीसेक वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरने त्याला सांगितलं की मागच्या फाळक्यावर वाघ नको, भुजंग काढ. कादंबरीच्या आत एकही चित्र नव्हतं. प्रेमदासने ती विकत घेऊन वाचली, वाचलेल्या वर्णनावरून चेहरा काढला आणि त्याचा खाका केला. खाका म्हणजे कागदावर चित्राच्या रेषेरेषेने सुईने बारीक भोकं पाडायची, तो कागद पत्र्याला लावायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची. कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांचं चित्र उमटतं. त्यावर रंग भरायचा. त्या एका खाक्यावरून त्याने इतके भुजंग काढले की आज भुजंग म्हटलं की लोकांना प्रेमदासने काढलेलाच चेहरा आठवतो. लेखकालाही तोच आठवतो, असं सर स्वतः एकदा म्हणाले होते.

पुढचा भाग लिहा म्हणून सरांच्या मागे लोक हात धुऊन लागले होते. पुण्याचे प्रकाशक आले, सिनेमावाले आले, आमच्यासारखे मिशाळ भक्त तर दर वर्षी जायचे. सर चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. कारण कधी सांगितलं नाही.

प्रेमदासने मात्र कुणाला न विचारता सुरुवात केली. रेडियमची स्टिकरं आल्यापासून ट्रक रंगवायचं काम निम्म्यावर आलं होतं, हातात वेळ होता. मी विचारलं, काहून करून राहिला हा उद्योग? तेव्हा तो पहिल्यांदा आवाज न चढवता बोलला. ट्रकवरचं चित्र दोन-तीन पावसाळ्यांत उडतं, म्हणाला, गाडी ठोकली तर भंगारात जातं. "सारी उमर चित्रं काढली, रत्नपाल. पन कोनाच्या बी घरात माझं येक चित्र न्हाई. येक तरी घरात राह्यलं पाह्यजे."

आणि लगेच दुसरी गोष्ट सांगितली. भुजंग सरांचा आहे. ज्याची गाडी त्याला विचारल्याशिवाय आपण तिच्यावर टिंबसुद्धा टाकत नाही. पुरं झालं की सरांपुढे ठेवायचं. ते व्हय म्हणाले तर मी छापायचं, न्हाई म्हणाले तर पेटीत ठेवून कुलूप लावायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. एवढी मेहनत एका माणसाच्या मानेवर, आणि ती मान आजवर आडवीच हललेली. मला हे पटलं नव्हतं. त्याला पटलं होतं, म्हणून बोलणं संपलं.

गोष्ट त्याने झकास रचली होती. बऱ्याच वर्षांनी भुजंग परत येतो आणि आपल्या वारंगा फाट्यावरच उतरतो. बघतो तर प्रत्येक ट्रकवर त्याचाच चेहरा. तो एका ड्रायव्हरला सांगतो, हा मी आहे. ड्रायव्हर एकदा फाळक्याकडे बघतो, एकदा या म्हाताऱ्याकडे, आणि म्हणतो, काका, काही पण सांगता. हे पान बघून मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

पण निम्मी पानं झाल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली आणि ती काय आहे हे समजायला दोन दिवस लागले. भुजंगचा चेहरा सगळ्या पानांवर एकच होता. भाकर खाताना तोच, झोपलेला असताना तोच, फक्त डोळे मिटलेले. ड्रायव्हर त्याची टर उडवतो तेव्हाही तोच. प्रेमदासने आपला खाका लहान करून घेतला होता आणि प्रत्येक चौकटीत तो थापटून मोकळा झाला होता.

मी बोललो तर तो भडकला. म्हणाला, देवाचा चेहरा कधी बदलतो का? ट्रकवर आज एक भुजंग आणि उद्या दुसरा काढला तर गिऱ्हाईक रंगाचा डबा डोक्यात घालील. त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. तीस वर्षं ज्या कामात चेहरा हलू न देणं हीच कारागिरी होती, त्यात त्याचा हात बसला होता. मीही तापलो. म्हटलं, हे पुस्तक आहे, फाळका नाही. बापाच्या समाधीपुढे आला तरी हा माणूस मिशीच पिळत उभा आहे, याला झालंय काय? आठवडाभर आम्ही एकमेकांचा चहा घेतला नाही. आठव्या-नवव्या दिवशी त्याच्या टपरीतून खरवडण्याचा आवाज यायला लागला. जाऊन बघितलं तर ब्लेड घेऊन तो भुजंगचे चेहरे कागदावरून काढत होता. वर न बघता म्हणाला, तू सांगितलं म्हून न्हाई.

नवे चेहरे त्याने हाताने काढले. राग काढला, भूक काढली, लाज काढली. रडणं येईना. समाधीच्या पानावर भुजंगने रडावं असं त्याने ठरवलं होतं. त्याशिवाय हा माणूस परत आला कशाला, असा त्याचा सवाल होता. पण कितीही काढलं तरी डोळ्यात तिखट गेल्यासारखा भुजंग दिसायचा. टपरीतल्या आरशापुढे उभा राहून त्याने तोंडं वाकडी करून पाहिली, तेव्हा पंक्चरवाला येऊन दात दुखतोय का विचारून गेला. तो शेवटी कधी रडला होता हे त्याला आठवेना. मला आठवेना माझं. आम्ही दोघे भुजंगचेच चेले.

हिरासिंग ट्रान्सपोर्टवाल्याच्या कानावर हे गेलं. प्रेमदासचं निम्मं काम त्याच्या गाड्यांचं. तो येऊन म्हणाला, भुजंग कुऱ्हाड घेऊन यायला पाहिजे, आणि तू त्याला रडवणार असशील तर माझ्या गाड्या नांदेडला रंगवीन. प्रेमदासने ब्रश धुतला, पुसला आणि त्याला नांदेडच्या एका पेंटरचं नाव सुचवलं. वर हेही सांगितलं की त्याला लाल रंग नीट लावता येत नाही.

त्याच आठवड्यात तो मला तांड्यावर घेऊन गेला. त्याची आत्या बेबीबाई सत्तरीची. तिच्या तोडीचा ढावलो कुणाला येत नाही. ढावलो म्हणजे बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे गाणं रडते ते. ते आपोआप येत नाही, शिकावं लागतं. लग्न ठरलं की जाणत्या बाया नवरीला घेऊन बसतात आणि शब्द, सूर, श्वास कुठं तोडायचा, सगळं शिकवतात. आम्ही गेलो तेव्हा बेबीबाईपुढे निता नावाची पोरगी बसली होती, पुढच्या महिन्यात तिचं लग्न. प्रेमदास सरळ तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि म्हणाला, मलाही शिकव. निताने तोंडावर ओढणी धरली. बेबीबाई मात्र हसली नाही. शिकायला आलेल्याला हसायचं नाही, एवढी ती मास्तरीण होती.

ती गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलली. मला प्रेमदासने नंतर समजावलं ते असं. तिने आधी त्याला रडून दाखवायला लावलं. त्याने मान खाली घालून, तोंड हातांनी झाकून काहीतरी केलं. ती म्हणाली, हे रडणं न्हाई, हे लपणं हाये. मग निताला जवळ ओढून दाखवलं. समोरच्याच्या मानेभोवती हात टाकायचा, कपाळ त्याच्या खांद्यावर टेकायचं आणि त्याला हाक मारायची. बापाला बापाची, भावाला भावाची. हाक मारली की सूर आपोआप लागतो. "येकट्यानं रडता येत न्हाई," ती म्हणाली. "गळा लागतो. तुझा मानूस रडून राहिला, तर कोनाच्या गळ्यात?"

परतताना मोटारसायकल प्रेमदास चालवत होता, आणि मागे बसून मला त्याचे खांदे तेवढे दिसत होते.

कुणाच्या गळ्यात? बाप मेलेला. दोस्तांना भुजंगने एकेक करून तोडलेलं. राहिली बायको. आम्ही टपरीत कादंबरी उघडली आणि तिचं नाव शोधायला लागलो. वाटलं होतं मिनिटाचं काम आहे. ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत आहे. ती पाणी आणते, भाकरी करते, मोर्चाच्या दिवशी लेकरू काखेत घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. तिच्या नाकातली मोरणी आहे, हिरवं लुगडं आहे, माहेरचं गाव आहे. पाटलाच्या कुत्र्यालाही नाव आहे. तिला नाही. सगळीकडे नुसतं 'बायको'. जे पुस्तक मी पाठ केलं असं मिरवत होतो, त्यातली ही गोष्ट मला कधी दिसली नव्हती. मला स्वतःचा फार राग आला.

मी म्हटलं, टाक एखादं नाव, कोण विचारतंय. प्रेमदास म्हणाला, ज्याची गाडी त्यालाच विचारायचं. शेवटचं पान त्याने काढलं: भुजंग घराच्या दारात, बायकोच्या गळ्यात हात, कपाळ तिच्या खांद्यावर, आणि चेहरा, मी तुम्हाला सांगतो, तो चेहरा बघून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्याच्या तोंडातून निघालेला फुगा त्याने कोरा ठेवला. तिथं हाक यायची होती.

मार्चच्या शेवटी आम्ही हट्ट्याला गेलो. वसमतच्या बाजूला त्या दिवसांत जिकडे तिकडे हळद. सरांच्या अंगणात शिजवलेली हळद पसरली होती आणि सरांच्या पत्नी, भागूबाई, पायाने ती खालीवर करत फिरत होत्या. शेत त्याच बघतात. मी जय भीम केला, प्रेमदासने राम राम केला. सरांनी बाज ओढली, पानं मांडीवर घेतली आणि चष्मा लावला.

ते बराच वेळ बघत होते. फाट्यावरच्या पानाला हसले, तेही खळखळून. ते बघून मला वाटलं, काम झालं. प्रेमदासच्या चेहऱ्यावर तर कधीच शंका नव्हती. तो आपली चित्रं उलट्या बाजूने बघत मान डोलवत होता. मग शेवटचं पान आलं. सरांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि बाकीच्या पानांवर पालथं ठेवलं.

"सगळं चांगलं हाये, प्रेमदास," ते म्हणाले. "पन भुजंग रडत न्हाई. हे काढून टाक, मग छाप."

मला वाटलं होतं, प्रेमदासचा आवाज चढेल. तो चढला नाही. काढलं तर मग छापायचं नाही, असं त्याने सांगितलं. "तुमी त्याला लिवलं, सर. मी त्याला तीस साल रंगवून राहिलो. त्याचे डोळे मला म्हाईत हायेत. तुमी न्हाई म्हना, मी पेटीत ठेवतो. माझी काई तक्रार न्हाई. पन जाता जाता येक सांगा. त्याच्या बायकोचं नाव काय?"

सरांनी चष्मा काढला. नाव कशाला लागतं, असं काहीतरी ते म्हणाले. मग म्हणाले, ती एक प्रतीक होती, त्या काळच्या सगळ्या बायांची. आणि पुढचं वाक्य सुरू केलं. सर बोलायला लागले की वाक्य पुरं करतात, चाळीस वर्षं त्यांनी वर्गात तेच केलं. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अंगणात हळदीतून चालण्याचा आवाज बंद झाला होता.

"भागू लिवा," भागूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं. त्या तिथूनच बोलल्या, पाय हळदीत तसेच ठेवून. आवाज साधा होता, कुणाला किती वाजले सांगावं तसा. म्हणाल्या, मला वाचता येत नाही, पण तुमच्यासारखी पोरं इथं येऊन मोठ्याने वाचायची आणि चूल इथून हाताच्या अंतरावर होती. सगळं पुस्तक ऐकलंय, एकदा नाही, कितीतरी डाव. मोरणी माझी, हिरवं लुगडं माझं, माहेरचं गावसुद्धा माझं. फक्त नाव कधी आलं नाही. हे औरंगाबादला गेले आणि तीन साल आले नाहीत, तेवढं पुस्तकात आहे. परत आले, ते नाही.

सर म्हणाले, "भागू, राहू दे." भागूबाईंनी ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

प्रेमदासने पालथं पान उचललं आणि दोन्ही हातांनी धरून त्यांना दाखवलं. त्या पुढे आल्या. पिवळे झालेले हात त्यांनी पाठीमागे घेतले, चित्राला रंग लागू नये म्हणून, आणि वाकून बघितलं.

"रडतो ते बराबर काढलं तुमी," त्या म्हणाल्या. "पन हे गळ्यात पडनं खोटं. मी काय दारात वाट बघत उभी व्हते का? मी निंदायला गेलते. सांजच्याला आले तर हे दारात बसलेले. मी म्हनलं, घरात पानी न्हाई, घागर घ्या. गेले की. आडावर बाया हासून राहिल्या, तरी दोन खेपा केल्या. मंग चुलीपुढं बसून रडले. तवा मी जवळ गेले. मला वाटलं म्हून गेले."

एवढं सांगून त्या सरळ उभ्या राहिल्या. मला सरांकडे बघायची हिंमत होत नव्हती. ज्या माणसाचं पुस्तक उशाला घेऊन आम्ही न रडायचं शिकलो, तो माणूस चुलीपुढे बसून रडला होता, दोन घागरी पाणी भरून, आणि नंतर लिहायला बसला तेव्हा ते पाणी आणि ते रडणं आणि ती बाई, सगळं गाळून त्याने आम्हाला भुजंग दिला होता. मला फसवल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत.

प्रेमदासने विचारलं, "सर, काय करू?"

सर बाजेवरून उठले. अंगणात हळदीच्या कडेपर्यंत गेले आणि तिथे थांबले, कारण पुढे गेलं तर हळद तुडवली जाणार होती.

"ती म्हनती तसं काढ," ते म्हणाले. "अन् नाव टाक." मग भागूबाईंकडे वळून, आम्ही तिथं नसल्यासारखं, त्यांनी विचारलं, "भागू, तू जवळ आलीस तवा काहीतरी म्हनली व्हतीस. काय म्हनली व्हतीस? मला आठवत न्हाई."

"आठवंल कसं," भागूबाई म्हणाल्या. "म्हनलं, हळू रडा. लेकरू निजलंय."